एकही तक्रार नाही

दर गुरुवारी सकाळी दहाला आमचं पत्र निघतं. मोबाइलची ॲप बनवणाऱ्या चाळीस हजार लोकांच्या पेटीत ते जाऊन पडतं. त्यातले उघडतात किती आणि वाचतात किती, ते विचारू नये. विचारलं की माझे दीर विषय बदलतात. पत्राचे दोन भाग आहेत. वर आठवड्याच्या बातम्या: कुठली नवी आवृत्ती आली, कुठली जुनी सोय बंद पडणार, कुणाच्या ॲपचं कुठे कौतुक झालं. खाली शिकण्याचं साहित्य. वरचा भाग दीर लिहितात, खालचा मी.

सासूबाईंनी दिरांचं नाव ‘ताजेराव’ ठेवलंय. लहानपणापासून त्यांना कालची गोष्ट सांगितलेली चालत नसे आणि आजची सांगायला घेतली की अर्धी ऐकून बाहेर धावत, असं त्या म्हणतात. हल्ली बाहेर धावावं लागत नाही, एवढाच फरक. त्यांच्या बातम्यांत दर आठवड्याला क्रांती होते. बटणं रंगवायची एक पद्धत त्यांनी एका गुरुवारी मेली म्हणून जाहीर केली आणि तीन गुरुवारांनी तिचा पुनर्जन्म झाल्याचं कळवलं. मधल्या काळात तिला काय झालं होतं, ते कुणीच विचारलं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं.

घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. पहिलीत ताजेराव आणि त्यांच्या संगणकाचे तीन पडदे. दुसरीत मी, एक टेबल आणि निरनिराळ्या वयाचे चार फोन. सगळ्यांत म्हाताऱ्या फोनची काच चिरलेली आहे. कुठलाही धडा मी आधी त्याच्यावर करून बघते, कारण शिकवणारे नेहमी नव्याकोऱ्या फोनवर शिकवतात आणि शिकणाऱ्याच्या हातात बहुधा असा असतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः केल्याशिवाय मी धडा यादीत घालत नाही. त्यामुळे आठवड्याला दोन होतात, फार तर तीन.

“वहिनी, बाकीचे लोक पन्नास देतात,” ताजेराव म्हणतात.

“त्यांनी स्वतः किती केले त्यातले?”

“करायचे कशाला? ते द्यायचे असतात.”

घेणारेही तसेच. पन्नास धडे खुणा लावून ठेवायचे, ‘नंतर’ नावाच्या पेटाऱ्यात टाकायचे आणि पेटारा भरला की आपण शिकलो असं समजायचं. पोथी कपाटात आहे म्हणजे वाचून झाली, अशातलाच प्रकार. मी कुणाला काही म्हणत नाही. माझा आवाज मुळातच बारीक आहे आणि म्हटलेलं कुणाला ऐकू जात नाही.

माझे स्वतःचे असे बारा धडे आहेत. त्यातला नववा सहा वर्षांपूर्वीचा. ॲपमध्ये वापरणाऱ्याने चौकटीत काही लिहिलं, तर ते आपल्यापर्यंत कसं पोचवायचं, तो. शिकणाऱ्याला आपला निरोप खरंच गेला का ते दिसावं, म्हणून मी एक सरावाची टपालपेटी उघडून दिली होती. तिच्यात काहीही आलं की ती आपोआप उलट उत्तर देते: ‘पोचलं.’ धड्यात मी तीन ठिकाणी लिहून ठेवलं होतं की हा पत्ता माझा आहे, ॲप लोकांना देण्याआधी इथे स्वतःचा घाला. एका ठिकाणी ठळक अक्षरांत.

शिकणाऱ्यांच्या शंकांना त्याच दिवशी, जेवायच्या आधी उत्तर द्यायचं, हा माझा नेम आहे. सरावाच्या पेटीत मात्र शंका येत नाहीत. ‘अबक’ येतं, ‘हॅलो हॅलो’ येतं, एकाने सहा वेळा नुसता स्वल्पविराम पाठवला होता. म्हणून ती पेटी मी नेमात धरली नव्हती. सहा महिन्यांनी केव्हातरी उघडून झाडून टाकायची, इतकंच.

त्या मंगळवारी ताजेराव खुशीत आले.

“मथळा मिळाला, वहिनी. ‘तीन महिन्यांत एकही तक्रार नाही.’ कसा वाटतो?”

“कसली तक्रार?”

“व्हीलचेअर दुरुस्तीचं ॲप. ती संस्था नाही का, लोकांना खुर्च्या वापरायला देते, मोडल्या की फुकट दुरुस्त करून देते. आधी त्यांच्याकडे एक फोन होता, सारखा खणखणायचा. या पोराने ॲप करून दिलं. फुकट. सेवा म्हणून. आता फोन काढून टाकला. आणि तीन महिन्यांत एकही तक्रार नाही. भाषणांची आमंत्रणं येतायत त्याला.”

हा ‘पोरगा’ चाळिशीचा आहे. त्यांच्या धंद्यात चाळिशीपर्यंत पोरगाच म्हणतात.

“तुम्ही खाली एक धडा टाका,” ताजेराव म्हणाले. “या ॲपकडून काय शिकावं.”

मी ॲप म्हाताऱ्या फोनवर उतरवून घेतलं. दिसायला देखणं होतं. उघडल्यावर एक हसरी खुर्ची यायची आणि हात हलवायची. खाली चौकट: ‘तुमच्या खुर्चीला काय झालंय?’ मी लिहिलं, ‘काही नाही, बघतेय,’ आणि पाठवलं. हिरवी खूण आली. खाली अक्षरं आली: ‘पोचलं. आम्हाला तुमची काळजी आहे.’

त्याच क्षणी माझ्याच टेबलावरचा दुसरा फोन थरथरला. अबक-हॅलोने तो सारखाच थरथरतो, म्हणून एरवी मी बघत नाही; या वेळी बघितलं. सरावाच्या पेटीत नवीन निरोप होता. ‘काही नाही, बघतेय.’

मी पेटी उघडली. स्वल्पविरामवाला होता, हॅलोवाले होते, आणि त्यांच्यामध्ये दोनशे बारा निरोप त्या संस्थेचे. माणसं एकूण एकसष्ट. बाकीचे तेच तेच पुन्हा. ब्रेक लागत नाही. पाय ठेवायची पट्टी तुटली. आईची खुर्ची एका बाजूला ओढते, ती भिंतीवर आपटते. प्रत्येकाला माझ्या पेटीने इमानाने उत्तर दिलं होतं, पोचलं.

एका बाईचे चार होते.

पहिला: ‘उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, चाक फिरत नाही. मी घड्याळं दुरुस्त करते. बाजारात गाळा आहे, घरातून निघता येत नाही. कृपया लवकर यावे.’ खाली बेअरिंगचं माप, पत्ता आणि फोन.

दुसरा: ‘गाळा सलग तीस दिवस बंद राहिला तर बाजाराचा नियम आहे, यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. आज बारा झाले. म्हणून आठवण.’

तिसरा: ‘अठरा.’

चौथा तीन दिवसांपूर्वीचा. ‘तेवीस. तुम्हाला माझी काळजी आहे हे तीनदा वाचलं. काळजी राहू दे, मिस्त्री पाठवा.’

म्हणजे आज सव्वीस. मी उठले आणि पहिल्या खोलीत गेले.

“भाऊजी, तक्रारी आहेत. दोनशे बारा. माझ्याकडे आल्यात.”

ताजेरावांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे अर्धं. “तुमच्याकडे आल्यात ना? त्याच्याकडे नाही ना आल्या?”

“नाही.”

“मग मथळा बरोबर आहे. त्याला एकही आली नाही.”

“भाऊजी.”

“वहिनी, पत्राचं पान लावून झालंय. आणि खरं सांगू का, तुमच्या धड्यामुळे झालंय हे. मी ते छापत नाहीये, एवढे उपकार माना.”

मी उपकार मानले आणि त्या पोराचा फोन नंबर मागून घेतला.

त्याने पहिल्याच घंटेला उचलला. मागे गर्दी होती, कुठेतरी भाषणाला आला होता. मी नाव सांगितलं तसा आवाज विरघळला. “मॅडम, तुमच्यामुळेच तर मी शिकलो. तुमचा नववा धडा म्हणजे माझा पाया आहे. आजच्या भाषणात पायाबद्दलच बोलणार आहे.”

“वाचलात का तो?”

“वाचला म्हणजे, त्यावर एकाने व्हिडिओ केलाय ना, सात मिनिटांचा. तो पाहिला. दुप्पट वेगाने.”

“त्यात पत्ता बदलायचं सांगितलं होतं?”

“कुठला पत्ता?”

मी सांगितलं. हळू सांगितलं, म्हणजे समजून घ्यायला वेळ मिळावा. तो गप्प झाला आणि मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. माणसाला वाईट वाटायला थोडा अवकाश द्यावा, म्हणून मीही गप्प राहिले.

“हे अजून कुणाला माहितेय?” त्याने विचारलं.

अवकाश वाया गेला होता. “आधी या एकसष्ट लोकांना फोन करू या,” मी म्हटलं. “निम्मे तुम्ही करा, निम्मे मी करते. त्यातल्या एका बाईचे चारच दिवस राहिलेत. मिस्त्रींना आजच पाठवायला हवं.”

“मॅडम, ते जुने निरोप झाले. मी मूळच दुरुस्त करतो ना. संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती देतो. वेग हेच आपलं बळ आहे.”

“मूळ दुरुस्त झाल्यावर चाक फिरेल का?”

“मला स्टेजवर बोलावतायत,” तो म्हणाला, आणि तेवढं मात्र खरं असावं, कारण मागे टाळ्या वाजल्या.

मग मी त्या घड्याळवाल्या बाईंना फोन लावला.

“कोण?”

“मी... तुम्ही ॲपवर जे निरोप पाठवलेत, ते चुकून माझ्याकडे येत होते.”

“चारही?”

“चारही.”

“मग इतके दिवस काय करत होता तुम्ही, जमवत होता?”

मी पेटी उघडली नव्हती, म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं. खोटं तरी बोलला नाहीत. आजवर फक्त हिरवी खूण बोलायची माझ्याशी. आता काय करणार आहात?”

“उद्या सकाळी मिस्त्रींना घेऊन येते.”

“या. मी कुठे जाणार आहे.”

संध्याकाळी नवी आवृत्ती आली, हे कबूल केलं पाहिजे. दिलेली वेळ त्याने पाळली. मी ती म्हाताऱ्या फोनवर घेतली, चौकटीत लिहिलं, ‘बघतेय,’ आणि पाठवलं. हिरवी खूण पापणी लवायच्या आत आली. माझ्या पेटीत काही आलं नाही, ते ठीकच. पण मग गेलं कुठे, म्हणून मी ॲप आतून उघडून पत्त्याची ओळ शोधली. पत्ता खरंच बदलला होता. या वेळी त्याने तो दुसऱ्या कुणाच्या नव्या धड्यातून उचलला होता; तो धडा मी करून बघितला होता, म्हणून ओळखला. त्या शिकवणाऱ्याने शहाणपणा करून स्वतःचा पत्ता न देता मुद्दाम एक खोटा, कुठेच न पोचणारा पत्ता नमुन्यादाखल घातला होता. तिथून उत्तर येणं शक्यच नव्हतं, म्हणून या गृहस्थाने उत्तराची वाट बघणंच काढून टाकलं होतं. बटण दाबलं की ‘पोचलं’.

एवढ्या भराभर चुकणं हीसुद्धा एक विद्याच आहे, आणि तिचे शिक्षक फार आहेत.

मी त्याला लिहून कळवलं. उलट आपोआप एक उत्तर आलं, की मी प्रवासात आहे, तातडीचं असेल तर ॲपमधल्या चौकटीत लिहा.

घरात हे सगळं ऐकून आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, “तो पगारी आहे का फुकट?”

“फुकट. सेवा म्हणून.”

“मग त्याला काढताही येणार नाही,” हे म्हणाले, आणि एकसष्ट नावांची यादी छापून माझ्या हातात दिली.

संस्थेची दुरुस्तीची शेड गावाच्या कडेला आहे. मला वाटलं होतं, खुर्च्यांचा ढीग असेल. शेड झाडून लख्ख होती. भिंतीवर पूर्वी फोन होता तिथे चार भोकं राहिली होती, आणि शेजारी एक पडदा लावला होता. त्यावर हसरी खुर्ची हात हलवत होती. खाली मोठा आकडा: आजच्या तक्रारी शून्य.

साठीचे मिस्त्री स्टुलावर बसून चाकांच्या आऱ्यांपासून टोपली विणत होते. आजूबाजूला अशा सतरा-अठरा टोपल्या होत्या.

“टोपली हवीय का, ताई? दुसरं काही काम नाही इथे,” ते म्हणाले. “लोकांच्या खुर्च्या मोडतच नाहीत हल्ली. मी म्हटलं, मी इतकं चांगलं काम करून ठेवलं की काय. मग वाटलं, माणसंच गेली असतील.”

“कुणाला विचारलं नाहीत?”

“विचारलं की. ऑफिसातल्या बाईसाहेब म्हणाल्या, मिस्त्री, शून्य चांगलं असतं. पुढल्या महिन्यातही शून्य आलं तर तुम्हाला घरी बसायला हरकत नाही.”

मी यादी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर एका नावाशी थांबले. “ही म्हातारी. हिची खुर्ची डाव्या बाजूला ओढते, मला माहीत आहे. मी तिला सांगितलं होतं, पावसाळ्यानंतर सांग, बघतो.” त्यांनी कागद हळूच घडी केला. “सांगितलं की तिने.”

मग ते उठले आणि त्या पडद्याकडे गेले. मला वाटलं, फोडतात. त्यांनी पुसायचं फडकं घेतलं आणि हसऱ्या खुर्चीवर टाकलं, पिंजरा झाकतात तसं.

घड्याळवाल्या बाईंचे तीनच दिवस उरलेत, हे मी सांगितलं. “बेअरिंगचं माप सांगितलंय का बाईंनी?”

“सांगितलंय. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी.”

“घड्याळवाली ना. ती सांगणारच,” मिस्त्री म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.

बाईंचं घर तळमजल्यावर, दोन पायऱ्यांवर उतार बांधलेला. दार उघडंच होतं. पन्नाशीच्या, चष्म्याच्या एका काचेवर भिंग चिकटवलेलं. आम्हाला बघून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “सत्तावीस.”

“बसा, हलू नका,” मिस्त्री म्हणाले.

“सत्तावीस दिवस तेच करतेय.”

मिस्त्रींनी त्यांना पलंगावर बसवलं, खुर्ची उलटी केली आणि बेअरिंग काढलं. आतल्या गोळ्यांचा भुगा झाला होता. बाईंनी तो तळहातावर मागून घेतला, भिंगाच्या डोळ्याने पाहिला. “हे तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालं असणार. मी आवाज ऐकत होते. फोन असता तर तेव्हाच केला असता.”

“फोन असता तर मी तेव्हाच आलो असतो,” मिस्त्री म्हणाले.

पंचवीस मिनिटं लागली. हसऱ्या खुर्चीचे हात हलवण्यात जितका वेळ त्या पोराने घातला असेल, त्याच्यापेक्षा किती कमी, याचा मी हिशोब केला नाही. कुणाचं वाईट चिंतू नये. बाईंनी दारापर्यंत एक फेरी मारली, परत आल्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “चला.”

“आजच?” मी विचारलं.

“‘उद्या येतील’ असा भरवसा मी त्या हिरव्या खुणेवर बराच ठेवला.”

बाजार दोन चौक पलीकडे होता. मिस्त्री मागे मागे चालत होते, चाकाला कान लावल्यासारखे वाकून. गाळ्यापाशी पोचलो तर बंद दारासमोर बाजाराचे देखरेखवाले वही घेऊन उभे, आणि एक तरणा माणूस टेपने दाराची रुंदी मोजत होता. फोनची कव्हरं विकायची होती त्याला.

“तीन दिवस आहेत अजून,” बाई म्हणाल्या.

“नुसतं माप घेतोय, मावशी,” तो म्हणाला. “बातमी होती की तुम्ही येत नाही आता.”

“बातमीच होती ना? घ्या माप, मग बाजूला व्हा. मला दार उघडायचंय.”

टेप सर्रकन आत गेली. देखरेखवाल्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि सत्तावीस दिवस आपण इथेच उभे होतो अशा आपुलकीने विचारलं, “बरं नव्हतं का, बाई?”

“मला काय झालंय? खुर्चीला बरं नव्हतं.”

बाईंनी दार वर सारलं. आतली घड्याळं निरनिराळ्या वेळा दाखवत थांबली होती. त्या खुर्ची आत घेऊन टेबलाशी गेल्या, दिवा लावला आणि पहिलं घड्याळ उघडलं, जसं काही काल संध्याकाळी उठून गेल्या होत्या. मिस्त्री उंबऱ्याशी खाली बसून चाक पुन्हा एकदा फिरवून बघत होते. मी यादीतल्या पुढच्या पत्त्याचा रस्ता शोधत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. तो पोरगा होता.

“मॅडम, काल घाईत होतो. एक छान सांगायचं होतं. नवी आवृत्ती कालपासून सुरू आहे, आणि एकही तक्रार नाही. दिरांना सांगाल का, उद्याच्या पत्रात तेवढं वाढवायला?”

“तुम्हाला लिहून कळवलं होतं मी. नवा पत्ता खोटा आहे.”

“ते मी ‘नंतर’मध्ये टाकून ठेवलंय, निवांत बघतो.”

मी आवाज चढवायचा प्रयत्न केला असता तरी तो चढला नसता. मी फोन बाईंच्या पुढे केला. “त्या ॲपवाल्यांचा आहे.”

बाईंनी भिंगासकट चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन कानाला लावला. “मी बोलतेय, चार निरोपवाली. कागद आहे का जवळ? मग घ्या लिहून. सत्तावीस दिवस चाक बंद होतं, गाळा जाता जाता राहिला, आणि तुमची ती हिरवी खूण खोटं बोलते. झालं लिहून?”

पलीकडून तो काही बोलला. बाईंनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

“काय म्हणाला?” मिस्त्रींनी विचारलं.

“ॲपमधून पाठवा म्हणतो.”

मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. “ताई,” ते मला म्हणाले, “दुसरं नाव वाचा.”